आतली दुमड

काडी यंदा वाढली नव्हती. टेप तिच्या कमरेपासून खाली सोडली आणि गुडघ्याशी जिथे बोटानं धरली, तिथे मागच्या वर्षीचाच आकडा होता. मला माणसांची नावं राहत नाहीत, आकडे राहतात. वाटलं, टेप मुरगळली असेल. झटकून परत सोडली. तोच आकडा. बाही घेतली, खांदा घेतला, मानेच्या मणक्यापासून टाचेपर्यंत टेप सोडून पाहिली, ज्या मापाचा स्कर्ट-शर्टाशी काही संबंध नाही. "काकू, झगा शिवताय का मला?" काडी म्हणाली. तिची आई बाकावर बसून पिशवीनं वारा घेत होती. ती म्हणाली, "नाही ना वाढली? घरी पण दाराला पाठ लावून उभी केली होती. डॉक्टर म्हणाले, मुलींचं या वयात संपतंच. आता झाली तर आडवी होईल." काडी नुसतंच "आई" म्हणाली, त्यात 'लोकांसमोर काय हे' पासून सगळं आलं. "अगं, मी झालेच की," आई म्हणाली आणि हसली. मीही हसले. गिऱ्हाइकाच्या विनोदाला हसणं आमच्या शिलाईत धरलेलं असतं. पण टेप हातात तशीच राहिली, जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि आणखी एक पायरी निघावी तशी मी अडखळले. ही तर उलटी गत होती. पायरी आहे असं धरून चालले होते आणि जिना संपला होता.

आमचं दुकान शाळेच्या गणवेशांचं. वर्षाचे दहा महिने माशा मारायच्या आणि शाळा उघडायच्या आधीचे दोन महिने माशीलाही बसायला जागा नाही. कामं वाटून घेतलेली. पुढे मी, मापं घेणारी. मागे पडद्याआड कापायच्या टेबलाशी नवरा, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात म्हणून मीही मास्तरच म्हणते. मी आकडा ओरडायचा, मास्तरांनी तो खडूनं कापडावर उतरवायचा, आणि उतरवला हे कळावं म्हणून मागून 'हूं' म्हणायचं. इतक्या वर्षांच्या संसारात आमच्या बोलण्यातलं निम्मं तरी आकडे आणि हूं असेल. उरलेल्या निम्म्यात दूध, किल्ल्या आणि वीज. मशीनवर एक कारागीर असतो, त्याला आम्ही रेडिओ म्हणतो, कारण त्याचं बंद करायचं बटण अजून कुणाला सापडलेलं नाही. गिऱ्हाइकांत मास्तर कधी येत नाहीत. माणसं ते कापडावरून ओळखतात. मी माणसांवरून कापड ओळखते. भांडण नाही.

मुलं वाढतात म्हणजे काय होतं, ते आईबापांना दिसत नाही. रोज बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. वर्षातून एकदा बघणाऱ्याला दिसतं, आणि ती मी. आधी पाऊल वाढतं. पोरगं घरभर अडखळतं आणि मार खातं. मग मनगट बाहीतून बाहेर येतं, कुणाला न विचारता. मग पाय. धड सगळ्यांत शेवटी, आळशी भाऊ पंगतीला येतो तसं. सहावी-सातवीत मुली सरळ वर जातात आणि त्यांच्याच वर्गातले मुलगे कोपराशी उभे राहून मान वर करून बोलतात, आणि मग एका सुट्टीत सगळी बाकी चुकती करून परत येतात. गेल्या साली एक मुलगा "हो काकू, जरा सैल ठेवा" एवढं वाक्य दोन आवाजांत म्हणाला. 'हो काकू' लहानपणचं होतं आणि 'सैल ठेवा' त्याच्या कुठल्यातरी मामाचं. स्वतःच दचकला बिचारा. आया म्हणतात, माझा काहीच खात नाही हो, आणि टेपेला कंबर आवरत नाही. बाप म्हणतात, मोठाच शिवा, पोर वाढणारच आहे. मग ते पोर पहिलं वर्ष शर्टात हरवतं, दुसऱ्या वर्षी सापडतं, आणि तिसऱ्या वर्षी शर्ट अंगाला बसतो तेव्हा कोपर फाटलेलं असतं. म्हणून आम्ही माया ठेवतो. स्कर्टाला, पँटीला खाली चार बोटं जादा कापड आत दुमडायचं आणि हातानं टाके घालायचे. वाढलं की उसवायचं, कापड खाली सोडायचं. जुन्या दुमडीची रेघ तेवढी राहते, कितीही इस्त्री फिरवा. मैदानात रांगेनं उभी राहिलेली मुलं मागून पाहिली की त्या रेघांवरून मला कळतं, कोण कुठल्या वर्षी वाढलं. कुणी रेघेशिवाय, म्हणजे न वाढलेलं, दिसलं की मी त्याच्या आईकडे बघते. ती बहुतेक माझ्याकडे बघत नाही.

आमची मुलगी आठ वर्षांची असताना गेली. तापाचं निमित्त झालं, आठवडासुद्धा पुरा झाला नाही. आमची आणि काडी एका बाकावर. उंचीही एकच. शाळेत उंचीप्रमाणे रांग लावायचे आणि पुढे कोण यावरून दोघींचं रोज भांडण, डोक्यावर पट्टी ठेवून निवाडे, एकीचं म्हणणं दुसरी टाचा उचलते. शेवटी बाईंनी एक दिवस ही, एक दिवस ती असं ठरवून दिलं. आमचीचं माप वेगळं घ्यावंच लागायचं नाही, काडीचं घेतलं की झालं. फक्त खांदा सैल धरायचा, कारण आमचीचा शर्ट खांद्यात अडायचा. "खांदे आईचे उचललेत," मास्तर म्हणायचे, "दप्तराची काळजी नाही." दुकानात मापांसाठी एक बुटका लाकडी चौरंग आहे, त्यावर त्या दोघी एकदमच उभ्या राहायच्या. ती गेली त्या साली दुकान उघडायचंच नाही असं आमच्या घरात न बोलता ठरत आलं होतं, पण शाळा कुणासाठी थांबत नाही. काडीला घेऊन तिची आई आली. चौकात दुसरं दुकान होतं. तिथे न जाता ती आमच्याकडे आली, याचा मला राग आला. तिकडे गेली असती तर जास्त आला असता. काडी चौरंगावर चढली आणि डाव्या कडेला उभी राहिली. उजवीकडची जागा तशीच ठेवून. कुणी सांगितलं नव्हतं, सवय. मी माप घेतलं, ओरडले, मागून हूं आलं. आणि मग तेच आकडे मी परत ओरडले. तीही सवयच. दोन मुली, दोनदा. ओरडून झाल्यावर माझं मलाच ऐकू आलं. मागे काही आवाज नाही, कात्रीचा नाही, रेडिओचासुद्धा नाही. काडीच्या आईनं पिशवी उचलली आणि परत बाकावर ठेवली. मग हूं आलं. पहिल्यासारखंच. ना कमी, ना जास्त.

दोन गणवेश तयार झाले. एक काडीची आई घेऊन गेली. उरलेल्याचं काय करायचं, हे कुणी कुणाला विचारलं नाही. तो कागदात गुंडाळला जाऊन दुकानावरच्या आमच्या खोलीत आला आणि पलंगाखालच्या ट्रंकेत गेला. पुढच्या वर्षी काडी आली, मी दोनदा ओरडले, हूं दोनदा आलं. पहिल्या वर्षी चूक म्हणता आली असती. दुसऱ्या वर्षी तसं म्हणता येईना, म्हणून मग कुणी काही म्हटलंच नाही. तो जादाचा गणवेश मास्तर स्वतः शिवायचे, दुकानाच्या सुट्टीला, शटर अर्धं ओढून. कारागिराच्या तोंडी नको म्हणून असेल, असं मी धरून चालले. शिवून आला की मी घडीसकट ट्रंकेत ठेवायची. उलगडून कधी पाहिला नाही. एक तर शिवलेलं तपासणं माझं काम नव्हे. आणि दुसरं, घडीतला कपडा कुणाचातरी असतो; उलगडला की रिकामा दिसतो.

काडीकडून मी काय घेतलं आणि काय परत केलं, याचा हिशेब माझ्या डोक्यात चोख आहे. उंची घेतली. लांब बोटं घेतली. पुढचे दात पडून गेले तेव्हाचं फळी निघाल्यासारखं हसू घेतलं. नवे आले ते वाकडे आले, ते तिच्याकडेच ठेवले. चष्मा परत केला, माझ्या माहेरी-सासरी कुणाला नाही. सहावीत ती एकदम सुटली, वेलाला काठी मिळाल्यासारखी, मी दोन-दोनदा आकडे ओरडताना माझा आवाज चढला होता, असं रेडिओ नंतर म्हणाला, "काकू, लिलाव लावलात की काय." त्याच सुमाराला काडीची आई सांगत होती, पोरीचे पाय दुखतात, संध्याकाळी नडग्या धरून बसते, डॉक्टर म्हणतात वाढीचं दुखणं आहे, तेल लावून चोळा. त्या दिवशी दुकान मिटून वर गेले आणि तेलाची बाटली शोधली. फडताळात मागे गेली होती, सापडली. मग बाटली हातात घेऊन पलंगावर बसले. सापडली आहे तर, म्हणून स्वतःच्याच पायांना लावलं.

आठवीत काडी पोक काढून आली. दप्तर पोटाशी धरलेलं, हात त्यावर आडवे. चौरंगावर चढली तरी दप्तर सोडेना. छातीवरून टेप घेतली तेव्हा तिनं श्वास धरला आणि नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लावली, जणू तिथे परीक्षेचा निकाल लागलाय. मी तो आकडा ओरडले नाही. पडदा सारून आत गेले, मास्तरांच्या कानाशी सांगितला, परत आले. मग तिला म्हटलं, "पाठ सरळ. चोरी केलीयस का कुठे?" तिनं दप्तर आणखी घट्ट धरलं. "सगळ्यांनाच येतं ते, मला पण आलं. मी पण तुझ्यासारखी पोक काढली, ती गेली नाही बघ अजून. मला बघ आणि शहाणी हो." काडी हसली आणि दप्तर खाली ठेवलं. ते बोलणं मी दुसऱ्याच कुणासाठी मनात शिवून ठेवलं होतं; ते वापरलं गेलं. एकदा अंगात घातलेला कपडा दुकान परत घेत नाही. काडीचा मला इतका राग आला की तिची बाही बोटभर आखूड सांगावी असं जिभेवर आलं. सांगितली नाही. मापात मी खोटं बोललेले नाही, एवढंच एक पुण्य गाठीला आहे. नववीत तिचा खांदा घ्यायला मला स्टुलावर चढावं लागलं. मी मूळचीच बुटकी, वरच्या वर्गांतल्या मुलांसाठी ते स्टूल ठेवलेलं, पण मुलीसाठी पहिल्यांदाच चढले, आणि वर उभी राहून तिच्या भांगाकडे बघताना मला जे वाटलं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. आमची माझ्या डोक्यावरून गेली, असं वाटलं.

आणि आता ही टेप. ती गेली तेव्हा भेटायला येणारी माणसं म्हणायची, तुमच्यासाठी ती आता कायम आठ वर्षांचीच. सांत्वन म्हणूनच म्हणायची. लोकांकडे दुसरं असतं काय. मी मनात म्हणायची, तुमच्यासाठी असेल. वाढ संपते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. या चौरंगावर मी किती मुली थांबताना पाहिल्या. पण थांबलेल्या मुली दुकानातून निघून जातात, त्यांचे गणवेश संपतात, आणि पुढे त्यांच्या आयांचं काय होतं हे मला कधी कळलेलं नाही. होत असेल ते असं, की मुलगी वाढायची थांबते आणि आई तिच्याशी भांडायला लागते, कुठे जातेस, कधी येतेस, हे काय घातलंस. मुलगी थांबली तरी मुलगी असतेच. आमची वाढत होती म्हणूनच होती. मी काडीचे आकडे ओरडले, एकेक, सगळे मागच्या वर्षीचे. हूं आले. काडी चौरंगावरून उतरली, चपला घालायला लागली. मी टेप गळ्यात टाकली आणि दुसऱ्यांदा ओरडले नाही. मग पडद्याआडून मास्तर म्हणाले, "आणि?" इतक्या वर्षांत आकड्यांवर त्यांनी हूं सोडून दुसरं काही म्हटलेलं मला आठवत नाही. "झालं," मी म्हटलं. कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. काडीची आई म्हणाली, "चला, सुटलात एका मापातून." तिनं तिच्या परीनं ते जपून, चवड्यांवर चालत आल्यासारखं म्हटलं होतं, हे मला कळलं. म्हणूनच मी तिच्याकडे न बघता पुढच्या पोराला चौरंगावर घेतलं.

शाळा उघडली. ऐन घाईत रेडिओ तापानं बंद पडला, आणि काडीचा नवा गणवेश कापलेल्या तुकड्यांतच पडून राहिला. एका दुपारी ती पळत आली. शेवटच्या वर्षाचा वर्गाचा फोटो, आत्ता, तासाभरात. जुने दोन्ही गणवेश आईनं मामेबहिणीला देऊन टाकलेले. "काकू, काहीही द्या. सगळ्या गणवेशात आणि मधे मी फुलाफुलांची. आयुष्यभर फोटो बघून सगळे विचारतील, ही पाहुणी कोण." तयार कपड्यांच्या रॅकवर तिच्या उंचीचं काही नसतं, रॅक बेताच्या मुलींसाठी असते. मास्तर कापड आणायला पेठेत गेले होते. मी तिला म्हटलं, बस, आणि वर गेले. ट्रंकेशी गुडघे टेकून बसले तेव्हा मनाशी सगळं नीट मांडून घेतलं होतं. मागच्या वर्षीचा आहे. माप तेच आहे. तासाभराचा प्रश्न आहे. एवढी वर्षं मी तिच्याकडून उंची नेली. तासभर कापड दिलं तर कुठे बिघडतं. हात मात्र कागद सोडवताना असे चालत होते, जणू आत कुणी झोपलंय.

काडी पडद्यामागे गेली आणि घालून बाहेर आली. स्कर्ट गुडघ्याच्या वर चांगला चार बोटं. कमरेला सैल. शर्टाचे खांदे दंडावर ओघळलेले. तिनं आरशात पाहिलं आणि खुदकन हसली. "हे कुणा बुटकीचं आहे, काकू?"

पहिला आला तो राग. मास्तरांनी चुकवलं. मी आकडा सांगतेय काय आणि यांनी शिवलंय काय. म्हातारे झाले, डोळे गेले, आणि तेही नेमकं यात. मी टाचण्या तोंडात धरून खाली बसले आणि स्कर्टाची कड उलटी केली. आत नेहमीची चार बोटं माया नव्हती. पंजाभर कापड आत दुमडलेलं होतं, दुहेरी घडी घालून, आणि त्यावर मास्तरांचे बारीक, शेजारी शेजारी बसलेले टाके. चुकलेल्या माणसाचे टाके असे नसतात. "काढ," मी काडीला म्हटलं. ब्लेडनं टाके उसवले, कापड खाली सोडलं, इस्त्री फिरवली, मशीनवर एक धावती शिलाई मारली. परत घातल्यावर लांबी बरोबर बसली. अगदी माझ्या आकड्याएवढी. कमरेला मी आतून पिन लावली. गुडघ्याच्या वर जुन्या दुमडीची रेघ आडवी दिसत होती. माझा हात टेपेकडे गेला. कमरेपासून त्या रेघेपर्यंत सोडून पाहिलं. तो आकडा मी कधी कुणाला सांगितला नव्हता. "ही रेघ दिसते हो," काडी म्हणाली. "फोटोत येत नाही," मी म्हटलं. "पण आहे कुणाचं?" मी टाचण्या तोंडातच ठेवल्या. टाचण्या तोंडात असल्या की बोलायचं नसतं, हे गिऱ्हाइकालाही माहीत असतं. काडी आरशातून माझ्याकडे बघत राहिली. मग तिचं हसू हळूहळू खाली बसलं. ती चौरंगावर उभी होती. तिथेच ती डाव्या कडेला सरकली. "संध्याकाळी आणून देते, काकू," ती म्हणाली. "सांभाळून घालते."

ती गेल्यावर मी दुकानाचं दार लोटून वर आले आणि ट्रंक रिकामी केली. सगळे गणवेश पलंगावर ओळीनं उलगडले. पहिला काडीएवढाच होता, खांदा तेवढा सैल. दुसऱ्यात बोटभर कापड आत जास्त. तिसऱ्यात आणखी. सहावीत, जेव्हा मी लिलावासारखी ओरडत होते, तेव्हा खालची दुमड एकदम जाड झाली होती. माझी मुलगी सुटली होती आणि ही, पलंगावरची, तिच्या तिच्या चालीनं चालली होती. खांदे वर्षाला रुंदावत गेलेले. कंबर भरत गेलेली. मी शर्टांच्या पाठी पुढच्या बाजूवर ठेवून पाहिल्या. सातवीच्या शर्टाची पाठ पुढच्यापेक्षा बोटभर लांब होती. पोक काढणाऱ्या गिऱ्हाइकाला अशी कापतात, नाहीतर शर्ट मागून उचलला जातो. एक मुलगी दिसायला लागली जिचं माप मी कधीच घेतलं नव्हतं. ठेंगणी, खांद्यात भरलेली, जरा वाकून चालणारी. ओळखीची होती. रोज आरशात असते.

मास्तर कापडाचा गठ्ठा खांद्यावर घेऊन तसेच वर आले होते. दारात उभे राहिले. पलंगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"जेवलीस?" ते म्हणाले. आमच्याकडे अवघड वेळेला हेच विचारतात.

"ही उंची मी सांगितली नव्हती."

"सांगितलीस तेवढीच कापली. आत घेतली फक्त."

"कुणाला विचारून?"

त्यांनी गठ्ठा खाली ठेवला. "काडीची आई केवढी आहे. बाप केवढा आहे, दारातून वाकून येतो. आपल्यात कोण आहे तेवढं? तू स्टुलावर चढून मापं घेतेस. आपली कुठून होणार होती गं ताडमाड?"

"आणि खांदे?"

"तुझेच. ते लहानपणीच आले होते."

"सातवीत पाठ लांब कापलीत."

मास्तर पलंगाशी वाकले. शर्टाची कॉलर चिमटीत धरून सरळ केली. "तुझ्यासारखी वाकली असती, वाटलं. लवकर आलं असतं तिला, काडीच्या आधी. आपल्याकडच्या मुलींना येतं लवकर."

"मी तिला वाकू दिलं नसतं."

"ते मला काय माहीत," मास्तर म्हणाले. "पुढच्या वर्षी काडीला तू सांगितलंस ते पडद्याआड ऐकलं. मग सरळ कापली. बघ ना."

मी आठवीचा शर्ट उचलला. पाठ सरळ होती. म्हणजे ते बोलणं पोचलं होतं जिथे पोचायचं तिथे, आणि मी उगाच काडीवर डूख धरला. मग आठवीचाच स्कर्ट घेतला, टेप लावली. दुपारी काडीच्या कमरेपासून त्या रेघेपर्यंत जो आकडा आला, तोच. दोन वर्षांचे दोन स्कर्ट, एका लांबीचे.

"हा आणि काडीनं नेला तो, दोन्ही सारखेच आहेत," मी म्हटलं.

"थांबली ती. नववीत." ते पलंगाच्या कडेला टेकले, कपड्यांना धक्का न लावता, आजाऱ्याशेजारी बसतात तसे. "तूही त्याच वयात थांबलीस, तुझी आई सांगायची."

"मला सांगितलं नाहीत."

"तू आकडे ओरडत होतीस. वर्षाला वाढत होते." मास्तर खडूचे पांढरे झालेले बोटांचे शेंडे एकमेकांवर घासत राहिले. "म्हटलं, तुझी तरी वाढू दे."

मी खिडकीशी गेले. खाली रस्त्यावरून शाळा सुटलेली मुलं चालली होती, दप्तरं ओढत, एकमेकांना ढकलत, आणि त्यांच्या कपड्यांवरच्या रेघा मला इतक्या वरूनही दिसत होत्या. गेल्या साली हा माणूस मागे एकटा उभा राहून थांबलेल्या मुलीचा गणवेश शिवत होता आणि पुढे मी तिला स्टुलावर चढून मापत होते. हूं म्हणत होता. आणि यंदा मी "झालं" म्हटल्यावर त्यांनी कात्री ठेवली, तेव्हा मला वाटलं होतं, तेही आज थांबले. ते माझ्यासाठी थांबले होते. त्यांचं आधीच झालं होतं. मला त्यांच्याशी भांडायचं होतं, भांडण जिभेवर होतंसुद्धा, माझ्या मुलीचं माप परस्पर आखूड करणारे तुम्ही कोण. पण पलंगावर जी निजली होती ती इतकी आमची होती की माझीच सगळी मापं मला परक्याची वाटायला लागली. माझी मुलगी काडीच्या आईची होती. त्यांची मुलगी माझी.

दिवेलागणीला काडी आली. घडी घालून, इस्त्री करून आणलं होतं, कागद तोच. "रेघ गेली नाही, काकू. पाणी लावून पण पाहिलं."

"जात नसते ती," मी म्हटलं. "फोटो कसा झाला?"

"बरा. मी सगळ्यांत उंच म्हणून मागे उभं केलं." ती दारात घोटाळली. मग म्हणाली, "ती असती तर पुढच्या रांगेत बसवली असती, नाही?" इतक्या वर्षांत काडीनं तिच्याबद्दल विचारलेलं हे पहिलं वाक्य, तेही नाव न घेता. "हो," मी म्हटलं, "पुढेच." काडीनं मान हलवली, निवाडा झाल्यासारखी, आणि गेली. रस्त्याच्या वळणापर्यंत तिचं डोकं बाकीच्यांच्या वर दिसत होतं.

मी कापायच्या टेबलापाशी आले. मास्तर काडीच्या नव्या गणवेशाचे तुकडे जुळवत बसले होते. मी दिवा जवळ ओढला, स्कर्ट उलटा केला, मशीनची धावती शिलाई उसवली. सुईत दोरा ओवताना दोन वेळा चुकले. रेघ समोर होती, तिच्यावरून दुमडलं असतं तरी झालं असतं, विचारायची गरज नव्हती. मी म्हटलं, "सांगा."

मास्तरांनी आयुष्यात कधी आकडा सांगितलेला नाही. त्यांनी वर पाहिलं. घसा साफ केला. मग अगदी हळू, पडद्यापलीकडे कुणी गिऱ्हाईक उभं असल्यासारखं, एकेक सांगायला लागले. कंबर. लांबी. घेर. मी रेघेवर बोट ठेवून कापड आत वळवत गेले, आणि प्रत्येक आकड्याला, उतरवून घेतला हे त्यांना कळावं म्हणून, हूं म्हणत गेले.